इत्तिला वेगळी, इश्तिहार वेगळा

मागच्या रमजानमध्ये आमच्या दुकानात एक प्रकार घडला. तो आधी सांगतो, मग मुद्द्यावर येतो.

ईदला चार दिवस होते. देगलूरच्या एका किरकोळ दुकानदाराचा फोन आला की साड्या संपल्या, आज रात्रीच्या टेम्पोने माल टाका. आम्ही ३६० साड्यांचे गठ्ठे बांधायला लावले. भाव ४५० रुपये, म्हणजे १,६२,००० रुपयांचा माल. त्यावर पाच टक्के जीएसटी ८,१०० रुपये. काउंटरवर गर्दी होती. संगणकावर बसणाऱ्या मुलाने बिल काढले, आम्ही घाईत सही केली आणि टेम्पो रवाना झाला. रात्री अकरा वाजता ड्रायव्हरचा फोन आला, तपासणीत गाडी अडवली आहे. गाडीत माल एक लाख सत्तर हजारांचा आणि हातात बिल फक्त १७,०१० रुपयांचे. ई-वे बिल तर नाहीच.

राज्यातल्या राज्यात एक लाखाच्या वरचा माल पाठवायचा तर महाराष्ट्रात ई-वे बिल लागते, हे २०१८ पासून आपण सर्वजण जाणतो. पण बिलच सतरा हजारांचे झाले, म्हणून संगणकाने ई-वे बिल मागितलेही नाही. साडीचा भाव ४५० ऐवजी ४५ पडला होता. अधिकाऱ्यासमोर आम्ही काय बोलणार? बिलात एक आणि गाडीत दुसरेच, याला बाजारात एकच नाव आहे. दंड भरून माल सोडवला. दोन दिवस गेले. देगलूरवाल्याने तोवर दुसरीकडून माल उचलला होता. पैशाचे नुकसान भरून निघते, पण तीस वर्षांच्या धंद्यात कोणी आम्हाला चोर समजून उभे केले नव्हते. ते त्या रात्री झाले.

रागाच्या भरात आम्ही मुलाला घरी पाठवून दिले. चार वर्षे आमच्याकडे असलेला, बाप नसलेला मुलगा. तो एवढेच म्हणत राहिला, "चाचा, मी साडेचारशेच दाबले होते."

आमचा भाचा विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला आहे. ईदच्या सुट्टीत तो आला तेव्हा त्याने दुकानातल्या संगणकावर बसून तेच बिल पुन्हा पुन्हा काढून पाहिले. दोन तासांनी त्याने आम्हाला हाक मारली आणि म्हणाला, "मामू, चूक मुलाची नाही, चौकटीची आहे." मग त्याने आमच्या डोळ्यांसमोर करून दाखवले. भावाच्या रकान्यात चार दाबला, पाच दाबला, आणि तेवढ्यात बिलाच्या सॉफ्टवेअरची एक चौकट उघडली. इंग्रजीत मजकूर होता की नवीन आवृत्ती आली आहे, आजच घ्या, सवलत मिळवा. त्या चौकटीने कीबोर्ड आपल्याकडे ओढून घेतला. तिसरा आकडा शून्य हा भावाच्या रकान्यात न जाता चौकटीत गेला आणि हरवला. एंटर दाबल्यावर चौकट गेली, पण 'नंतर आठवण करून देऊ' अशी एक पट्टी उजव्या खालच्या कोपऱ्यात दहा सेकंद उभी राहिली. आमच्या बिलाची एकूण रक्कम नेमकी त्याच कोपऱ्यात दिसते. मुलाने सवयीने पुढचे एंटर दाबले. रक्कम झाकलेली असतानाच बिल जमा झाले.

आम्ही त्याच दिवशी मुलाच्या घरी गेलो, त्याच्या आईसमोर माफी मागितली आणि त्याला परत आणले. सही करताना आकडा न पाहणे हा आमचा दोष, तोही कबूल केला. पण प्रश्न उरतोच. ज्या यंत्राला आपण कामासाठी विकत घेतले, ते यंत्र काम चालू असताना आपला हात का धरते?

उर्दू शाळेतला धडा

आम्ही उर्दू माध्यमात शिकलो. तिथे दोन शब्द अगदी लहानपणी शिकवले जात, इत्तिला आणि इश्तिहार. इत्तिला म्हणजे खबर, जी तुमच्या उपयोगाची आहे म्हणून तुम्हाला दिली जाते. इश्तिहार म्हणजे जाहिरात, जी देणाऱ्याच्या उपयोगाची आहे. दोन्हींना जगात जागा आहे. इश्तिहार भिंतीवर लागतो, वर्तमानपत्रात छापला जातो, आम्ही स्वतः ईद-दिवाळीला देतो. पण इत्तिलाचे कपडे घालून इश्तिहार दारात आला तर ते फसवणे झाले. संगणकाच्या कोपऱ्यातली ही चौकट, जिला इंग्रजीत नोटिफिकेशन म्हणतात, ती इत्तिलासाठी बनली होती. आज तिच्यात इश्तिहार भरला आहे. त्यामुळे खरी इत्तिलाही कोणी वाचत नाही.

लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. व्यापाऱ्याला ती वेगळ्या शब्दांत सांगता येईल. सूचनेची बाजारात एक साख असते. दहा वेळा खोटी हाक मारली की साख संपते आणि अकराव्या वेळी खऱ्या हाकेलाही उधार मिळत नाही. रुग्णालयात तर हा जीवाचा प्रश्न होतो. यंत्रे सतत वाजत राहिली की परिचारिकांचे कान त्या आवाजाला सरावतात आणि खरी घंटा ऐकू येत नाही. अमेरिकेत रुग्णालयांची तपासणी करणाऱ्या जॉईंट कमिशन या संस्थेला २०१३ साली यावर सर्व रुग्णालयांना इशारा द्यावा लागला. आपल्या दुकानात जीव जात नाही, पण रोजी जाऊ शकते.

दुसरे, आपल्याकडे कोणाच्या घरी जाण्याचाही एक अदब आहे. दारावर थांबून सलाम करावा, इजाजत मागावी, तीनदा विचारून उत्तर आले नाही तर नाराज न होता परत फिरावे. संगणकाच्या चौकटीला हा अदब कोणी शिकवला नाही. ती दार न वाजवता थेट आत येते आणि गादीवर बसते.

मागाकडून शिकावे

संगणकवाले म्हणतील, कापडवाल्याला यातले काय कळते? आम्ही म्हणतो, सूचना कशी द्यावी हे कापडाच्या धंद्याने शंभर वर्षांपूर्वी सोडवले आहे. मालेगाव आणि भिवंडीचे आमचे कारीगर बांधव हे वाचत असतील तर त्यांना एका वाक्यात कळेल. साध्या यंत्रमागावरही बाण्याचा काटा असतो. बाणा तुटला किंवा धोट्यातली कांडी संपली की काट्याला धागा लागत नाही आणि माग थांबतो. ऑटो लूमवर त्याच्या पुढची सोय असते. ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर पोलादाची एक पातळ पट्टी टांगलेली असते. धागा ताठ आहे तोवर पट्टी वर राहते. धागा तुटला की पट्टी खाली पडते आणि माग जागच्या जागी थांबतो. हजारो धागे, हजारो पट्ट्या, पण सगळे ठीक असेल तर एकही पट्टी कारीगराला काही सांगत नाही. जी पडली तीच बोलते, आणि कुठला धागा तुटला तेही दाखवते.

जपानच्या साकिची तोयोदा यांनी १९२४ साली जो स्वयंचलित माग पूर्ण केला, त्यात हीच अक्कल होती. त्याचे हक्क १९२९ साली इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या यंत्रे बनवणाऱ्या कंपनीने विकत घेतले. पुढे त्याच घराण्याने मोटारी बनवल्या, ती टोयोटा. तिच्या कारखान्यात आजही काही बिघडले की कामगार दोरी ओढतो किंवा बटण दाबतो, वर दिवा लागतो आणि ज्याने यायचे तो येतो. माग स्वतः थांबतो म्हणून एक कारीगर अनेक माग सांभाळू शकतो. त्याला प्रत्येक मागाकडे टक लावून बसावे लागत नाही. सूचनेचा खरा उपयोग हा आहे, माणसाचे लक्ष मोकळे करणे. आमच्या दुकानातल्या चौकटीने नेमके उलटे केले. काही तुटले नव्हते तरी तिने माग थांबवला.

विष्णुपुरीच्या धरणाचेही उदाहरण घ्या. गोदावरीवरच्या त्या बंधाऱ्याला १८ दरवाजे आहेत. पावसाळ्यात वरून पाणी आले आणि दरवाजे उघडायची वेळ आली की नदीकाठच्या वस्त्यांना आधी सावध केले जाते. पण पाण्याची रोजची पातळी कोणी भोंगा वाजवून सांगत नाही. ज्याला हवी तो विचारतो, वर्तमानपत्रात पाहतो. रोज भोंगा वाजला असता तर पुराच्या दिवशी कोण हलले असते? दूरसंचार विभागाने २०२३ साली आपल्या सर्वांच्या मोबाईलवर आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणी घेतली. तो आवाज ऐकून बाजारातले सगळे लोक दचकले. दचकले, कारण तो आवाज आधी कधी ऐकला नव्हता. त्या आवाजाची ताकद त्याच्या दुर्मिळपणात आहे.

कंपन्यांनाही ठेच लागली

हे सारे मोठ्या कंपन्यांना ठाऊक नाही असे नाही. मायक्रोसॉफ्टने १९९७ च्या ऑफिसमध्ये कागदाच्या क्लिपचा एक डोळे मिचकावणारा मदतनीस बसवला होता. न विचारता मध्ये येऊन सल्ला देत असे. लोक इतके वैतागले की २००१ च्या आवृत्तीत तो मुळातच बंद ठेवला आणि २००७ च्या आवृत्तीतून काढून टाकला. २००१ च्या विंडोज एक्सपीत कोपऱ्यातून पिवळे फुगे उठत. ज्यांनी तेव्हा संगणक घेतला त्यांना ते आठवत असतील.

याच्या उलट एक गोष्ट भाच्याने सांगितली, ती आम्हाला फार आवडली. अमेरिकेतल्या झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात नटाली जेरेमिजेन्को नावाच्या कलाकार बाईंनी छताला एक लहान मोटर लावून तिला प्लास्टिकची आठ फुटी दोरी टांगली. मोटर संगणकांच्या जाळ्याच्या तारेला जोडली. तारेतून थोडी ये-जा असली की दोरी मधूनच थरथरे. ये-जा वाढली की दोरी गरगर फिरे आणि तिचा आवाज येई. कोणी तिच्याकडे पाहत बसत नसे, पण येता-जाता सर्वांना कळे की आज जाळ्यावर ताण आहे. त्याच केंद्रातले मार्क वायझर आणि जॉन सीली ब्राउन यांनी १९९५ साली यावर लिहिले आणि अशा यंत्रांना शांत तंत्र असे नाव दिले. जे लक्षाच्या काठावर राहते, गरज पडली तरच मध्ये येते आणि परत काठावर जाते, ते यंत्र शांत. एका दोरीने जे जमते ते आमच्या बिलाच्या सॉफ्टवेअरला का जमू नये?

पुढेही प्रयत्न झाले. उबुंटू या मोफत संगणक प्रणालीने २००९ साली अशी चौकट आणली की माऊस जवळ नेला की ती विरळ होई आणि तिच्या खालच्या जागेवर काम करता येई. तिच्यावर बटण नव्हते, ती कीबोर्ड मागत नसे, थोड्या वेळाने आपोआप जाई. मग प्रश्न आला की गेलेली सूचना शोधायची कुठे? त्याचे उत्तर म्हणून ॲपलने २०१२ साली आणि विंडोजने २०१५ साली आपल्या संगणकांत सगळ्या सूचना साठवणारी एक पेटी ठेवली. उबुंटूसारख्या प्रणाल्यांच्या सामाईक नियमांत सूचनेचे तीनच दर्जे सांगितले आहेत, कमी, साधारण आणि निकडीचा. निकडीची सूचना माणसाने पाहिल्याशिवाय आपोआप जाऊ नये असाही नियम आहे.

संशोधनही झाले आहे. कॅलिफोर्नियाच्या अर्व्हाइन येथील विद्यापीठातल्या ग्लोरिया मार्क यांनी २००८ साली दाखवले की मध्ये मध्ये अडवलेला माणूस कामाची कसर भरून काढायला घाई करतो, काम उरकतोही, पण त्याच्यावरचा ताण आणि चीड वाढते. रमजानच्या गर्दीत काउंटरवर बसलेल्या मुलाला हे विद्यापीठाने सांगायची गरज नाही. शमसी इक्बाल आणि ब्रायन बेली यांनी इलिनॉय विद्यापीठात असे दाखवले की तीच सूचना कामाच्या मध्यात न देता एक टप्पा संपल्यावर दिली तर माणसाला तिचा त्रास बराच कमी होतो. म्हणजे बिल पूर्ण होऊ द्या, मग बोला. अनुभवी नोकर शेटजी गिऱ्हाइकाशी बोलत असताना मध्ये तोंड घालत नाही, जरा थांबतो. एवढेच ते आहे.

खोटी दस्तक

चौकटीचा आणखी एक धोका आहे आणि तो आमच्या प्रकारापेक्षा मोठा आहे. इंटरनेटवर एखादे पान उघडले की वरून विचारणा होते, या साईटला सूचना पाठवू द्यायच्या का? पुष्कळ लोक न वाचता 'अलाऊ' दाबतात. एकदा परवानगी दिली की ती साईट बंद असली तरी तिच्या चौकट्या कोपऱ्यात येत राहतात. आमच्या ओळखीच्या एका वयस्कर दुकानदाराच्या संगणकावर अशीच लाल चौकट आली. तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या नंबरवर ताबडतोब फोन करा. त्यांना वाटले संगणकच सांगतो आहे. फोन केला. पलीकडच्याने एक ॲप टाकायला लावले आणि अर्ध्या तासात खात्यातली रक्कम गेली. ती रक्कम मुलीच्या लग्नासाठी ठेवली होती.

फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने २०१९ साली अशा विचारणांचा हिशेब केला, तेव्हा शंभरातल्या जवळजवळ नव्व्याण्णव विचारणा लोक स्वीकारत नाहीत असे दिसले. त्यानंतर २०२० साली फायरफॉक्सने ही विचारणा समोर न आणता बाजूला लहान खुणेत ठेवली आणि क्रोमनेही शांत पद्धत आणली. पण आधी दिलेली परवानगी आपोआप रद्द होईलच असे नाही. ती आपणच जाऊन काढायची असते.

आमच्या मागण्या

कोणी म्हणेल, मग सगळ्या सूचना बंद करून टाका. आम्ही तसे करून पाहिले. आठवड्याभरात कळले की ते दुसरे टोक आहे. ई-वे बिलाची मुदत दोनशे किलोमीटरला एक दिवस अशी असते आणि मुदत संपण्याच्या आधीचे व नंतरचे आठ तास एवढाच वेळ ती वाढवायला मिळतो. गाडी रस्त्यात बंद पडली असेल तर ही आठवण संगणकाने दिलीच पाहिजे. हिशेबाची प्रत ठेवण्याचे काम रात्री फसले तर ते सकाळी कळलेच पाहिजे. तेव्हा सूचना हवी, पण कशी हवी ते आम्ही व्यापाऱ्यांनी सांगायला हवे. आमचे म्हणणे असे.

एक, लिहिणाऱ्याच्या हातातून कीबोर्ड काढून घेऊ नये. आकडा टाकला जात असताना तर मुळीच नाही. दोन, बिलाची एकूण रक्कम आणि जमा करण्याची जागा कधीही झाकू नये. तीन, सूचनेचे तीन दर्जे असावेत. धरणाचा दरवाजा उघडण्यासारखी गोष्ट असेल तरच आवाज. आजच्या आज पाहायची गोष्ट असेल तर कोपऱ्यात शांत पट्टी, तीही बिल जमा झाल्यानंतर. बाकी सर्व एका यादीत, दुकान उघडताना आणि बंद करताना एकदा दाखवावे. चार, गेलेली प्रत्येक सूचना तारीख-वेळेसह यादीत सापडावी. आमची रोजकीर्दही काही गाळत नाही. पाच, मजकूर आपल्या भाषेत असावा, मराठीत किंवा उर्दूत, आणि काय झाले व काय करावे हे दोन ओळींत सांगावे. सहा, नुसत्या आवाजावर किंवा नुसत्या रंगावर भिस्त ठेवू नये. आमच्यात कमी ऐकणारे आहेत, चष्मेवाले आहेत. सात, गिऱ्हाइकासमोरच्या पडद्यावर खात्यातली शिल्लक किंवा दुसऱ्याची उधारी उघड करू नये. दुसऱ्याचा हिशेब ही आपल्याकडे अमानत आहे. आठ, जाहिरात या चौकटीतून देऊ नये. द्यायची तर वेगळ्या पानावर द्या, आम्हाला वाटले तर वाचू.

युपीआयची रक्कम बोलून दाखवणारा डबा पाहा. पेटीएमने २०१९ साली तो आणला आणि आता भाजीवाल्यापासून सराफापर्यंत सर्वांकडे आहे. लोकांनी तो का स्वीकारला? तो एकच गोष्ट सांगतो, आपल्या भाषेत सांगतो आणि हात-डोळे कामातून काढून घेत नाही. त्यात एक खोट आहे, रक्कम सगळ्या दुकानाला ऐकू जाते. सातव्या मागणीत तो बसत नाही. पण बाकी बाबतीत संगणकवाल्यांनी त्या डब्याकडून धडा घ्यावा.

मागितले तर मिळते का? मिळते. टॅलीची हकीकत सर्वांना माहीत नसेल. श्यामसुंदर गोयंका हे कापड गिरण्यांना कच्चा माल आणि सुटे भाग पुरवणारे व्यापारी. त्यांना आपला हिशेब ठेवता येईल असे सॉफ्टवेअर बाजारात मिळेना. त्यांनी मुलाला, भरत गोयंका यांना ते बनवायला सांगितले, आणि १९८६ साली तो धंदा सुरू झाला. व्यापाऱ्याने गरज बोलून दाखवली म्हणून ती वस्तू निर्माण झाली. आपण मात्र चौकट आली की कपाळाला हात लावतो, ती बंद करतो आणि कोणालाही काही सांगत नाही.

तोवर आपण काय करावे

मागण्या पुऱ्या होईपर्यंत थांबायचे कारण नाही. आम्ही दुकानात जे केले ते सांगतो. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, तिथे नोटिफिकेशन्स हे पान आहे. तिथे प्रत्येक प्रोग्रामची सूचना वेगळी बंद करता येते. ज्याचे काम नाही ते बंद केले. विंडोज ११ मध्ये तिथेच 'डू नॉट डिस्टर्ब' आहे, ते विक्रीच्या वेळेत चालू ठेवतो. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये साईट सेटिंग्ज, तिथे नोटिफिकेशन्स उघडले तर ज्यांना परवानगी दिली होती त्या साईट्सची यादी निघाली. आमच्या यादीत सत्तावीस नावे होती, त्यातले एकही आम्ही ओळखत नव्हतो. सगळी काढली.

बिलाच्या सॉफ्टवेअरच्या विक्रेत्याकडून नव्या आवृत्तीची चौकट बंद करून घेतली. लेखी मागितले तेव्हा झाले. काउंटरच्या मुलांना सांगून ठेवले की अनोळखी चौकट आली तर काही दाबू नका, आम्हाला हाक मारा. उशीर झाला तरी कोणी रागावणार नाही. प्रत्येक मोठ्या बिलाची रक्कम जमा करण्यापूर्वी मोठ्याने वाचायची, हा नियम केला. जीएसटीच्या पोर्टलवर नोटिसा आणि आदेशांचे पान दर सोमवारी स्वतः उघडून पाहतो, कारण कायद्याच्या कलम १६९ मध्ये पोर्टलवर टाकणे हाही नोटीस बजावण्याचा एक मार्ग आहे. तिथे कोणी दार वाजवायला येत नाही. आणि ऑनलाईन फसवणूक झालीच तर लाज न बाळगता लगेच १९३० या नंबरवर कळवावे. जितका उशीर, तितकी रक्कम हातातून जाते.

विष्णुपुरीच्या मुलांना

शेवटी दोन शब्द विष्णुपुरीच्या विद्यार्थ्यांसाठी. श्री गुरु गोविंदसिंगजी यांच्या नावाचे इंजिनिअरिंग कॉलेज १९८१ पासून तिथे आहे. त्या एकाच आवारात कापडाचे तंत्रही शिकवतात आणि संगणकाचे तंत्रही. एका वर्गातली मुले धागा तुटल्यावर माग कसा थांबतो ते शिकतात, दुसऱ्या वर्गातली मुले चौकट कशी उघडायची ते शिकतात. या दोन वर्गांनी एकमेकांशी एक दिवस बोलावे एवढीच आमची विनंती आहे. शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट करावाच लागतो. नांदेडच्या कापड बाजारात या. गर्दीच्या वेळी आमच्या काउंटरमागे चार तास बसा. मुलाचे हात कुठे असतात, डोळे कुठे असतात, कोणत्या क्षणी तो मोकळा होतो, ते वहीत लिहा. मग तुमची चौकट बनवा. चहा आमच्याकडून.

आमचा तो मुलगा आता परत संगणकावर बसतो. त्याने स्वतः होऊन पडद्याच्या कोपऱ्यावर, जिथे एकूण रक्कम येते त्याच्या शेजारी, कागदाची एक चिठ्ठी चिकटवली आहे. तिच्यावर उर्दूत एकच शब्द लिहिला आहे, 'देखो'. आमच्या दुकानातली सर्वांत चांगली सूचना सध्या तीच आहे. ती हलत नाही, वाजत नाही, कीबोर्ड मागत नाही. संगणक बनवणाऱ्यांनी तेवढे जरी जमवले तरी आमचे समाधान आहे.